कड्याचं पुस्तक आणि कुरणाचं फाटक



आमचा एक भाचा दोर लावून कडे चढतो. परवा तो घरी आला, तेव्हा त्याच्या पिशवीत एक जाडजूड पुस्तक होतं. इंग्लंडातल्या डर्वेंट नदीच्या खोऱ्यातले कडे कुठून आणि कसे चढावेत, एवढंच त्यात! म्हटलं, कडा चढायला पुस्तक कशाला? पण चाळायला घेतलं आणि ताट निवून गेलं. आपण जन्मभर घडीपत्रिका लिहिल्या ना, त्या नजरेनं वाचत बसलो.

ही नदी डर्बीशायर परगण्यातली. तिच्या पूर्वेच्या अंगाला फ्रॉगॅट, कर्बर, बॅस्लो हे कडे ओळीनं उभे आहेत. उंची फार नाही, पन्नास-साठ फूट असेल. दगड आपल्यासारखा काळा पाषाण नव्हे, वाळूचा खरबरीत. पूर्वी त्याची जाती घडवत. तो धंदा बसला, आणि घडवून तयार असलेली मोठाली जाती अजून कड्याखाली गवतात पडून आहेत. १९५१ साली तिथं ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्याची खूणही जात्याचीच. उद्यान म्हणजे नुसतं जंगल समजू नका. आत गावं आहेत, शेती आहे, मेंढरं तर विचारूच नका.

ज्या वाटेनं कुणी पहिल्यांदा कडा चढला, तिला तो नाव देतो. पुस्तकात या वाटा एका टोकापासून ओळीनं मांडतात, आपण सऱ्या मोजतो तशा. नाव, उंची, अवघडपणा, हात कुठल्या भेगेत घालायचा, आणि पहिला कोण नि कधी चढला. फ्रॉगॅटवरची 'वाल्कीरी' ही वाट १९४९ साली जो ब्राऊन चढला. मँचेस्टरचा हा गडी प्लंबरचं काम शिकलेला. त्याचं नाव तिकडच्या चढणाऱ्यांना चांगलंच ठाऊक आहे.

एका गोष्टीची मला गंमत वाटली. 'व्हेरी डिफिकल्ट', म्हणजे फार अवघड, अशी पायरी लिहिलेली वाट हल्ली नवशिक्याला देतात! जुन्या लोकांना ती खरंच अवघड होती. मागची पोरं पुढे गेली, नाव तेवढं तिथंच राहिलं.

जुन्या पुस्तकावरून नवं उतरवून मात्र चालत नाही. एखादा ठोकळा सुटून पडतो, दोर बांधायचं झाड वाळतं, की वर्णन खोटं ठरतं. म्हणून माणसं पुन्हा चढून बघतात, तीही बहुतेक हौसेनं, पदरचं खाऊन. उंच माणसाला जी वाट सोपी, ती बुटक्याला जड जाते. म्हणून चार जणांचं मत घेऊन पायरी ठरवतात.

हे वाचताना मला माझीच एक पत्रिका आठवली. दहा लिटर पाण्याला २ मिली औषध, असं मी लिहिलं होतं. छापून आलं २०. कच्चं छापील माझ्याकडे तपासायला आलं होतं आणि मी ते न वाचताच सही केली होती. एका शेतकऱ्याची अर्धा एकर वांगी करपली. मी त्यांच्या बांधावर गेलो, तर त्यांनी घडीपत्रिका खिशातून काढून नुसती माझ्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत. तेव्हापासून आकडा मी बोट ठेवून वाचतो. वांगी पुन्हा लावता येतात. कड्यावर चुकीच्या ओळीवर भरवसा ठेवला, तर माणूसच जातो.

आता तुमच्या कामाचं. कुठल्याही कड्याच्या वर्णनाआधी पुस्तकात लिहिलेलं असतं की गाडी कुठं लावायची, कुरण कुणीकडून ओलांडायचं, फाटक कसं लावायचं. माळरानावर पायी फिरायचा हक्क तिथं २००० सालच्या कायद्यानं मिळाला. पण मार्च ते जुलै अशा जमिनीवर कुत्रं आखूड दोरीनंच न्यावं लागतं, आणि जनावरांजवळ तर बारा महिने. बहिरी ससाण्यानं घरटं केलं, तर पिलं उडेपर्यंत कड्याचा तेवढा भाग चढणारे सोडून देतात.

२००१ साली तिकडं लाळ-खुरकूत पसरली. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. रोग बुटाच्या चिखलातून, गाडीच्या चाकातून जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा गावोगावच्या पायवाटा बंद झाल्या आणि चढणारे घरी बसले. पुस्तकात चांगली वाट लिहिलेली असली, तरी त्या साली तिथं पाऊल टाकायचं नव्हतं.

आपल्याकडेही शहरातली मुलं सह्याद्रीत दोर घेऊन येतात. तुमच्या शिवारातल्या कड्याची कुणी वही करत असेल, तर त्याला चहा पाजा आणि आग्या मोहोळ कुठं बसतं ते दाखवा. पावसात कुठला दगड सुटतो, उन्हाळ्यात पाणी कुठल्या टाक्यात राहतं, आणि कुठल्या रानातून पेरणीनंतर जायचं नाही, हेही सांगा. भाच्याच्या वहीत मी डोकावलो, तर अशा गोष्टींपुढे जागा कोरी होती.