फुकटाची खावटी, गूगलचा खंड

ऑक्टोबर २०२५ या एकाच महिन्यात गूगल या अमेरिकन कंपनीच्या नावाने भारतात दोन मोठ्या घोषणा झाल्या. १४ तारखेला दिल्लीत जाहीर झाले की, अदानी उद्योगसमूह व एअरटेल यांच्या सहकार्याने ही कंपनी विशाखापट्टणम येथे पाच वर्षांत सुमारे पंधरा अब्ज डॉलर गुंतवून कृत्रिम बुद्धिमत्तेचे केंद्र उभारणार. ३० तारखेला रिलायन्सने जाहीर केले की, गूगलची ३५,१०० रुपये किमतीची म्हणून सांगितली जाणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची सेवा जिओच्या ग्राहकांना, प्रथम तरुणांना आणि मग इतरांना, अठरा महिने विनामूल्य मिळेल. पहिल्या घोषणेचे सरकारने स्वागत केले, दुसरीचे बाजाराने. पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींतही ‘तंत्रज्ञान येत आहे, स्वस्त मिळत आहे, मग तक्रार कशाची?’ असा सूर ऐकू येतो. त्या सुराचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

या विचारासाठी दिल्लीपेक्षा विरार पूर्वेचा मनवेलपाडा अधिक योग्य ठिकाण आहे. पहाटेची लोकल पकडणारे नोकरदार, घरी पोळीभाजीचे डबे करणाऱ्या स्त्रिया, शिवणकाम करणारे, नळ व विजेची कामे करणारे कारागीर, चाळीतल्या एका खोलीत शिकवण्या घेणारे पदवीधर अशांची ही वस्ती. दुकानाचा पत्ता गूगलच्या नकाशावर, गल्ल्यापाशी गूगल पेची पाटी, मुलाच्या हातात गूगलच्या प्रणालीवर चालणारा फोन आणि त्याच्या गृहपाठाचे उत्तर गूगलच्या शोधपानावर. इतके असूनही या कंपनीला आपण आजवर एक पैसाही दिलेला नाही, असे येथील बहुतेकांना प्रामाणिकपणे वाटते.

तो समज चुकीचा आहे. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिचे २०२४ सालचे उत्पन्न ३५० अब्ज डॉलर होते. त्यातील २६४ अब्ज, म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक, जाहिरातींचे होते. जाहिरातीचा पैसा आकाशातून पडत नाही. शोधपानावरची जागा लिलावाने विकली जाते. मनवेलपाड्यातील एका शिकवणीवर्गाने आपले नाव वर यावे म्हणून बोली लावली की, शेजारच्या गल्लीतील दुसऱ्याला ती वाढवावी लागते. विद्यार्थी तेच आणि तेवढेच. पूर्वी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून येत, आता ते कंपनीच्या दारातून येतात आणि त्या दारावरचा टोल शेवटी शुल्कात मिसळून पालकच भरतात. साबणापासून विम्यापर्यंत प्रत्येक वस्तूच्या किमतीत या टोलाचा अंश आहे. ज्याने आयुष्यात कधी गूगल उघडले नाही अशी म्हातारीसुद्धा किराणा घेताना तो भरते.

अर्थशास्त्रात अशा प्राप्तीला नफा म्हणण्यापेक्षा खंड म्हणणे अधिक यथार्थ आहे. रिकार्डोच्या काळापासून खंडाची ओळख हीच आहे की, घेणाऱ्याने नवे काही पिकवावे लागत नाही. मोक्याची जागा ताब्यात असणे पुरते. पालघर जिल्ह्याला, म्हणजे २०१४ पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागाला, खंड म्हणजे काय हे शिकवावे लागू नये. मुंबई कुळवहिवाट कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला आणि त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक झाल्याचे मानले गेले. त्याला ६८ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, १ एप्रिल २०२५ रोजी, केंद्र सरकारने परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवरील सहा टक्क्यांची ‘इक्वलायझेशन लेव्ही’ रद्द केली. २०१६ पासून लागू असलेला हा कर लोकांत ‘गूगल कर’ या नावानेच ओळखला जाई. अमेरिकेशी व्यापाराच्या वाटाघाटी चालू असतानाच तो गेला. एका १ एप्रिलला शासनाने जमीनदाराचा खंड संपवला, दुसऱ्या १ एप्रिलला नव्या जमीनदाराच्या खंडावरचा कर संपवला.

आता या जमीनदाराने जे नवे केले आहे ते पाहावे. आजवर शोधयंत्राचा एक अलिखित करार होता. वर्तमानपत्रे, साप्ताहिके, विद्यापीठे, छंद म्हणून लिहिणारे शिक्षक यांनी लिहावे. गूगलने ते पाहून वाचकाला त्यांच्या दारापर्यंत आणून सोडावे. करार विषम होता, पण दोन्ही बाजूंना काही मिळत होते. ऑगस्ट २०२४ पासून भारतात शोधपानाच्या माथ्यावर यंत्राने तयार केलेले उत्तर येऊ लागले आणि जुलै २०२५ पासून संपूर्ण शोधच संवादाच्या रूपात करण्याची सोय सर्वांना खुली झाली. वाचकाला उत्तर तेथेच मिळते, मग तो पुढे कशाला जाईल? पीक कसणाऱ्याचे, मळणी जमीनदाराच्या खळ्यावर, आणि कुळाच्या वाट्याला काय, तर तळाशी बारीक अक्षरात नाव.

यंत्राला मराठी येते याचे कौतुक जून २०२४ मध्ये पुष्कळ झाले, कारण तेव्हा जेमिनी हे गूगलचे ॲप मराठीसह नऊ भारतीय भाषांत आले. यंत्राला मराठी शिकवली कोणी? ज्यांनी मराठीत लिहिले त्यांनी. वाईच्या विश्वकोश मंडळाने जनतेच्या पैशातून, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यापासून पुढे कित्येक दशके जे काम केले ते आज इंटरनेटवर कोणालाही मोफत खुले आहे, आणि ते तसेच असावे. परंतु सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांसाठी असणे वेगळे आणि एकाच धनिकाने तिच्यावर पंप बसवून पाणी विकणे वेगळे. ऑस्ट्रेलियाने २०२१ साली कायदा करून वृत्तपत्रांना मोबदला देण्यास या कंपनीला भाग पाडले. कॅनडातील २०२३ च्या कायद्यानंतर तिने वर्षाला दहा कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. भारतात वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. मराठी वृत्तपत्राला त्यातून अद्याप छदामही मिळालेला नाही.

राहिली अठरा महिन्यांची भेट. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की, ठाण्याच्या जंगलपट्टीतला आदिवासी सावकाराकडे खावटी मागे. ती लगेच मिळे, हसतमुखाने मिळे. सुगीनंतर दीडपट माप द्यावे लागे आणि लग्नासाठी उचल घेतलेला तरुण तर लग्नगडी म्हणून राबत राही. फोन वापरणारा विद्यार्थी वेठबिगार आहे असे म्हणणे हा १९४५ च्या वारली उठावात उभ्या राहिलेल्या माणसांचा अपमान होईल. साम्य परिस्थितीत नाही, पद्धतीत आहे. गरजेच्या वेळी फुकट द्यावे, सवय लागू द्यावी आणि मापाचा प्रश्न नंतर काढावा. जिओच्या भेटीपूर्वीच, जुलै २०२५ मध्ये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अशीच सेवा एक वर्ष फुकट देण्याचे जाहीर झाले होते. आणि जिओ ही काही तिऱ्हाईत दुकान नव्हे. जुलै २०२० मध्ये गूगलने ३३,७३७ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्सचा ७.७ टक्के हिस्सा घेतला. जानेवारी २०२२ मध्ये एअरटेलमध्येही एक अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक जाहीर केली. देशातील दोन सर्वांत मोठ्या मोबाइल कंपन्यांत भागीदारी, बहुतेक फोनांत स्वतःची प्रणाली, आणि वर विनामूल्य भेट! याला स्पर्धा म्हणावयाचे असेल तर मक्तेदारी हा शब्द कोशातून काढून टाकावा.

‘दुसरे शोधयंत्र वापरण्यास कोणी मनाई केली आहे?’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्याचे उत्तर अमेरिकेतच मिळाले आहे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगल मक्तेदार आहे आणि ती मक्तेदारी टिकवण्यासाठी तिने बेकायदा मार्ग वापरले असा निर्णय दिला. फोनवर व ब्राउझरवर आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे यासाठी तिने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम वाटली, हे त्या खटल्यात उघड झाले. आपली वस्तू उत्तम म्हणूनच लोक ती घेतात अशी खात्री असलेला व्यापारी दारोदार एवढे पैसे वाटत फिरत नाही. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना त्याच न्यायालयाने क्रोम विकावयास लावले नाही आणि पैसे देण्यावरही सरसकट बंदी घातली नाही. रोग कबूल, औषध सौम्य.

भारतात औषध त्याहून सौम्य. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणी १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरच्या प्रकरणी ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. आकडे ऐकून छाती दडपते. परंतु २०२४ साली अल्फाबेटचा निव्वळ नफा १०० अब्ज डॉलर होता. रोजचा हिशेब केला तर तो सुमारे २,३०० कोटी रुपये पडतो. पहिला दंड म्हणजे चौदा तासांचा नफा. दुसरा दंड अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला. मनवेलपाड्यातील कामगार विरारहून चर्चगेटला जाऊन परत घरी पोहोचण्याच्या आत ही कंपनी तेवढे कमावते.

समाजवाद्यांना या प्रश्नाचा वारसा आहे आणि तो वारसा सरळ नाही. १९७७ साली जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना परकीय मालकी चाळीस टक्क्यांवर आणण्याच्या अटीवरून कोका-कोला गेली, १९७८ साली आयबीएम गेली. देश बुडेल अशी तेव्हाही भाकिते झाली. देश बुडाला नाही. आयबीएमच्या यंत्रांची देखभाल सी.एम.सी. या सरकारी कंपनीने सांभाळली आणि १९८०च्या दशकात रेल्वेच्या आरक्षणाची संगणकव्यवस्थाही तिनेच उभी केली. पुढे २००१ साली वाजपेयी सरकारने सी.एम.सी.चे नियंत्रण खाजगी उद्योगसमूहाला विकले. त्या आघाडीत फर्नांडिसही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. शिवाय संगणक आला की नोकऱ्या जातील एवढ्याच भूमिकेवर चळवळीतील अनेकजण त्या काळी अडून राहिले. यंत्र कोणाच्या मालकीचे, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडला.

तो प्रश्न पश्चिम रेल्वेच्या फलाटावरच उभा आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल येथे गूगलच्या नावाने मोफत वाय-फाय सुरू झाले आणि २०१८ पर्यंत ते चारशे स्थानकांवर पोहोचले. तारा कोणाच्या होत्या? रुळांच्या कडेने केबल टाकणाऱ्या रेलटेल या सार्वजनिक कंपनीच्या. फेब्रुवारी २०२० मध्ये, मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले असे कारण सांगून, गूगलने ही योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले. स्थानकांवरील वाय-फाय त्याने बंद पडले नाही, रेलटेलने ते चालू ठेवले. चार वर्षे नाव एकाचे झळकले, काम दुसऱ्याचे होते. यूपीआयची कथा निराळी नाही. व्यवस्था भारतातील बँकांनी मिळून स्थापलेल्या राष्ट्रीय देयक निगमाने उभारली. तिच्यावरील व्यवहारांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मात्र फोनपे व गूगल पे या दोनच ॲपांतून होऊ लागले. एकाकडे तीस टक्क्यांहून अधिक वाटा असू नये, ही मर्यादा नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाली आणि पुढे ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरीवर नेण्यात आली.

नकाशा, भाषांतर, मराठी टंकनाची सोय यांचा लोकांना उपयोग होतो हे नाकारणे हटवादीपणाचे आहे. ज्या स्त्रीला पुण्यामुंबईच्या दवाखान्याचा पत्ता या नकाशाने दाखवला, तिला सिद्धांत सांगून उपयोग नाही. रस्ताही उपयोगी असतो, म्हणून तो एखाद्याच्या मालकीचा करून देत नाहीत.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. मार्च २०२४ मध्ये मसुदा प्रसिद्ध झालेले डिजिटल स्पर्धा विधेयक दात काढून न घेता संमत करावे. रद्द केलेला कर पुन्हा लावावा आणि त्याचे उत्पन्न भारतीय भाषांतील सार्वजनिक ज्ञाननिर्मितीसाठी बांधून ठेवावे. यंत्राने ज्यांचे लेखन वापरले त्यांना मोबदला मिळावा. वसई-विरार महापालिकेने पाण्याच्या वेळा, परवाने, सूचना प्रथम स्वतःच्या संकेतस्थळावर, मराठीत, वेळेवर द्याव्यात. खाजगी कंपन्यांच्या पानांवर त्या नंतर जाव्यात. आणि डबेवाल्या स्त्रिया, शिकवणीवर्ग, कारागीर यांची स्थानिक सूची सहकारी तत्त्वावर का होऊ नये? ज्या वसईत १९१८ साली सहकारी बँकेची सुरुवात झाली, त्या तालुक्याला हे अवघड नाही. बोली लावणाऱ्या दोन शिकवणीवर्गांना एका बैठकीत बसवणे हे काम कोणत्याही शोधयंत्रापेक्षा पक्षाच्या शाखेला अधिक चांगले जमावे.

या मागण्यांचे निवेदन मनवेलपाड्यात सह्यांसाठी फिरेल तेव्हा ते कागदावर फिरवावे. गेली काही वर्षे पक्षाच्या शिबिरांची नोंदणीसुद्धा गूगलच्याच अर्जावर होत आहे.