रातची लाईन आणि शेतकऱ्याची झोप




रब्बीचं ओलित सुरू झालं की रातच्या लाईनच्या, म्हणजे शेतीपंपांना रात्री मिळणाऱ्या विजेच्या, बातम्या येऊ लागतात. कुणाला साप चावतो, कुणावर रानडुक्कर धावून जातं. मग दिवसा वीज द्या म्हणून निवेदनं जातात आणि हरभरा घरात आला की विषय थंडावतो. या सगळ्यात झोपेबद्दल कुणी बोलत नाही. साप एखाद्याला चावतो, झोप मात्र रातची लाईन असलेल्या फिडरवरच्या (वीजवाहिनीवरच्या) प्रत्येकाची मोडते. रात्रीच्या विजेचं सगळ्यात मोठं नुकसान तेच आहे, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अकोट-तेल्हाऱ्याकडे काय किंवा वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात काय, जिथे फिडर अजून सौर विजेवर आलेला नाही तिथे थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मोटर सुरू करायला माणूस वावरात लागतो. ऑटोस्विच लावावा तर लाईन येताच सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि डीपीवर (रोहित्रावर) ताण येतो, म्हणून महावितरणच तो लावू नका म्हणते. मोटर चालली तरी सुटका नाही. हरभऱ्यात तीन-चार तासांनी स्प्रिंकलरचे पाईप सोडवून, खांद्यावर घेऊन पुढच्या पट्ट्यात जोडायचे, तेही चिखलात, बॅटरीच्या उजेडात. नोझलमध्ये कचरा अडकला की काडीने काढायचा आणि डिसेंबरच्या थंडीत निम्मं भिजायचं. मध्येच लाईन गेली तर धुऱ्यावर वाट पाहत बसायचं. सकाळी घरी यावं तर गुरं, दूध, मजूर सगळं वाट पाहत असतं.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं, ‘शेतकऱ्याला सवय असते.’ शेतकरीही तेच म्हणतो. पण झोपेची तूट अंगवळणी पडत नाही. 2003 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी माणसांना सलग 14 दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष इतकं घसरलं की रात्रभर अजिबात न झोपलेल्या माणसाशी त्याची तुलना करावी लागली. आणि त्या माणसांना स्वतःला मात्र आपण फारसे थकलो आहोत असं वाटत नव्हतं. ‘सवय झाली’ याचा अर्थ हाच आहे. नुकसान चालूच राहतं, फक्त ते ज्याचं होतं त्याला कळेनासं होतं.

दुसरं उत्तर, ‘दुपारी झोपतात की!’ मेंदूतलं घड्याळ उजेडावरून वेळ जुळवतं. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. अंधार पडला की मेलाटोनिन वाढतं, शरीराचं तापमान उतरतं, तेव्हा खरी झोप लागते. दिवसा हे सगळं उलटं असतं, म्हणून दिवसाची झोप तुटक आणि अपुरी राहते. त्यात लाईन आलटून पालटून येत असल्याने शरीराला एक वेळ धरताच येत नाही. शरीराचं घड्याळ बिघडवणारी रात्रपाळी माणसात बहुधा कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 मध्येच म्हटलं आहे. कारखान्यातल्या कामगाराला निदान कामाच्या तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुटी कायद्याने मिळते. वावरातल्या रात्रपाळीला कुणी रात्रपाळीही म्हणत नाही.

धोका किती जवळचा आहे तेही पाहा. ऑस्ट्रेलियातल्या 1997 च्या एका प्रयोगात सलग 17 तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखी खालावली, 24 तासांनंतर 0.10 टक्क्यांइतकी. आपल्याकडे 0.03 टक्क्यांवर गाडी चालवणं गुन्हा आहे. पहाटे पाचला उठलेल्या शेतकऱ्याचे 17 तास रात्री दहाला भरतात. रातच्या लाईनचं काम त्यानंतर सुरू होतं, ओल्या हातांनी, स्टार्टरच्या पेटीशी. तोच माणूस सकाळी घाटेअळीसाठी औषध मोजून पंपात ओततो.

मनाचंही तसंच आहे. नैराश्य ओळखण्यासाठी डॉक्टर जगभर वापरतात त्या नऊ प्रश्नांमधला तिसरा प्रश्न झोपेचा आहे. शेतकरी आत्महत्यांसाठी वर्षानुवर्षे बातम्यांत येणाऱ्या अमरावती विभागात आपण कर्ज, भाव, नापिकी यांचा हिशेब करतो, आणि तो केलाच पाहिजे. पण चिंतेने आधीच झोप उडालेल्या माणसाची उरलेली झोप विजेच्या वेळापत्रकाने काढून घ्यावी, हे मला अमानुष वाटतं.

दिवसा वीज हवी हे सरकारला पटलेलं आहे. त्यासाठीची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची, तिचा दुसरा टप्पा 2023 चा. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, आणि त्याबद्दल शेतकरी कृतज्ञ आहेत. पण फुकटची वीज रात्री बाराला आली तर तिची किंमत शरीर मोजतं.

म्हणून महावितरणच्या अकोला आणि अमरावती मंडळांना माझी विनंती आहे. कोणते कृषी फिडर दिवसाच्या विजेवर आले, कोणते अजून रात्रीवर आहेत आणि ते कधी बदलणार, याची गावनिहाय यादी प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा. तोवर रात्रीची पाळी असेल तेव्हा वीज मध्ये जाणार नाही एवढं तरी पाहा. आरोग्य विभागानेही गावातल्या तपासणीत रक्तदाब आणि साखरेसोबत ‘काल किती तास झोपलात?’ हा प्रश्न विचारावा. फिडरची ती यादी मात्र येत्या रब्बीच्या पेरणीआधी लागली पाहिजे.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. अकोट, जि. अकोला