रेडिओला डोळे नसतात, पण जात ऐकू येते



एक वाक्य मी गेली कैक वर्षं ऐकतोय. नाटकाच्या शिबिरात ऐकलं, वाचनालयाच्या व्याख्यानात ऐकलं, एका मनानं साफ माणसाच्या तोंडूनही ऐकलं. वाक्य असं : ‘रेडिओला डोळे नसतात, म्हणून रेडिओला जात दिसत नाही.’ टाळ्या पडतात. मीही एकदा वाजवली. आज ती टाळी मी परत घेतो.

जात दिसत नाही हे कबूल. पण जात ऐकू येते. आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखात तर ती डोळ्याच्या आधी कानाला कळत होती. येसकराच्या काठीला घुंगरं होती. काठी वाजली की वाड्यातल्या माणसाला बाहेर न बघता कळायचं, कोण आलं. वर तोंडानं ‘जोहार मायबाप’ होताच. नाटकवाले ज्याला आज ध्वनिसंकेत म्हणतात, तो गावानं आमच्या पणज्याच्या काठीला कवाच बांधून ठेवला होता.

आणि दवंडी? गावाचा पहिला रेडिओ आमचा आजा. ऊन नाही, पाऊस नाही, चावडीपासून वेशीपर्यंत बोंबलत जायचा. आवाज त्याचा, छाती त्याची, घसा त्याचा. शब्द मात्र पाटलाचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, म्हणजे त्यांच्या माघारी. वतन गेलं. पण ‘आवाज तुमचा, शब्द आमचा’ हा करार कुठल्या कायद्यानं मोडला, ते मला कुणी दाखवून द्यावं.

आता कारागिरीचं बोलू. नुसत्या शिव्या देऊन नाटक होत नाही.

रंगमंचावर गडी कोपऱ्यात मुका उभा राहिला तरी दिसतो. त्याचा फाटका सदरा दिसतो, खाली घातलेली मान दिसते. नभोनाट्यात जो बोलत नाही आणि ज्याचा आवाज येत नाही, तो नसतोच. म्हणजे बोलायला कुणाला द्यायचं, हे ठरवलं की जगायला कुणाला द्यायचं, हेच ठरतं. हा या कलेचा पहिला कायदा.

दुसरा कायदा अंतराचा. मायक्रोफोनला तोंड लावून बोलणारा माणूस ऐकणाऱ्याच्या काळजात बसतो. चार पावलं लांब उभा केलेला माणूस अंगणात राहतो. मालक जवळ, गडी लांब. कुणी मुद्दाम करत नाही, सवयीनं होतं. वाड्याची रचना आणि स्टुडिओची रचना अशी एक होऊन जाते.

तिसरा कायदा आवाजाचा. करवंट्या आपटल्या की घोडा दौडतो. कप वाजला की घर उभं राहतं. जुनी माणसं अजून मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मधल्या मीनावहिनींची आणि टेकाडे भाऊजींची आठवण काढतात. आवाजावर घर उभं केलं होतं त्यांनी, कसब होतं, माझं काही म्हणणं नाही. मी एवढंच विचारतो, ते घर कुठल्या आळीतलं? आणि आमची आळी उभी करायची तर कुठला आवाज लावाल? मला माहीत आहे काय लावतात. हलगी. जत्रा आली, हलगी. मिरवणूक आली, हलगी. मढं निघालं, हलगी. वाजवणारा कोण, घरी त्याला काय म्हणतात, सुपारीचे पैसे मिळाले का बुडाले, याचं एक वाक्य नाही. हलगी ऐकू येते, हलगीवाला ऐकू येत नाही.

हे आपल्याकडंच आहे असंही नव्हे. १५ जानेवारी १९२४ ला बीबीसीनं रिचर्ड ह्यूजचं ‘डेंजर’ हे नाटक प्रक्षेपित केलं. खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून त्याचं नाव घेतात. जागा कुठली? कोळशाची खाण. दिवे जातात, गच्च अंधार होतो, पाणी चढायला लागतं. अंधारात ऐकणाऱ्याला जे दिसत नाही ते नाटकातल्या माणसांनाही दिसत नाही, म्हणून रेडिओला ते चपखल बसलं. युक्ती मोठीच. पण अडकलेली माणसं कोण? खाण बघायला आलेले पाहुणे. आणि खाणकामगार? ते लांबवर गाणं म्हणतात. नाटक खाणीतलं, मरणाची भीती पाहुण्यांची, आणि रोज तिथंच मरणारे मागं कोरसला. दोस्तहो, ही कला जन्मली त्याच दिवशी कामगार पार्श्वसंगीत झाला.

आता माझी गोष्ट. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. तिथं आवाज एवढा की शेजारच्याला हाक मारलेली कळत नाही. आम्ही बोटांनी, भुवयांनी, ओठांनी बोलतो. जॉबर आला, चहा आला, धागा तुटला, सगळ्याला खुणा आहेत. रातपाळीत मी त्यावर एक श्रुतिका लिहिली आणि एका स्पर्धेत वाचली. स्पर्धेचं नाव घेत नाही, परीक्षकाचंही नाही. परीक्षक दोन गोष्टी बोलले. पहिली, मशिनचा आवाज एवढा ठेवलाय की संवाद ऐकू येत नाहीत. दुसरी, तुमचा युनियनचा सेक्रेटरी ‘हाय-न्हाई’ करतो आणि वर घटनेतली कलमं सांगतो. एवढा विचार करणारा माणूस असं बोलेल का? भाषा शुद्ध करा.

पहिलं बोलणं निम्मं खरं होतं, हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली. मशिन सुरुवातीला कान फाटेस्तोवर लावायचं आणि मग हळूहळू बोलण्याच्या खाली उतरवायचं. ऐकणारा ते मनात चालूच ठेवतो. हे मला येत नव्हतं, आता येतं. शिकवलं म्हणून त्या माणसाचे आभार.

दुसरं बोलणं मात्र मी गिळणार नाही. माझा सेक्रेटरी असंच बोलतो, कारण माझा चुलता असंच बोलतो. ‘आरं बाबा, कलम सतरा हाय की, बगून घी’ असं म्हणणारा माणूस मी रोज बघतो. त्याच्या तोंडात पुस्तकी भाषा घातली की कलम सतरा राहील, चुलता मरेल. परीक्षकाच्या कानाला वाटतं, ही बोली हसायसाठी असते किंवा रडायसाठी. गडी, भुताळीण, दारुडा, बैलवाला. विचार करायचा झाला की माणसानं बोली चपलेसारखी दारात काढून आत यायचं. ही नवी शिवाशीव आहे. तिला हात लागत नाही, कान लागतो.

आणि हे घडतं कुठं? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. बरोबरच म्हणतात. पंढरीत चोखोबा पायरीशीच राहिला. याच जिल्ह्यातल्या वाटेगावात १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. वारणेच्या खोऱ्यातली बोली त्यांनी कादंबरीत अशी उभी केली की ती रडली नाही, लढली. १९६३ साली सांगलीला आकाशवाणी आली तेव्हा ते हयात होते. बोलीत विचार होत नाही म्हणणाऱ्यानं आधी ‘फकिरा’ वाचावा, मग माझ्या सेक्रेटरीची वेणी घालावी.

मग आपण काय लिहावं? मी एक प्रसंग सांगतो. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. शाळेतल्या पाण्याचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय : नळाला त्यांनी हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडायचा, शिपाई नसला तर पाणी नाही. याचं नाटक रंगमंचावर केलं तर पोरगं दिसेल, नळ दिसेल, आपण कळवळू. रेडिओवर काय कराल? पोराची पावलं. पावलं थांबतात. शाळेचा गलबला लांब. कुणीतरी दुसरं पोरगं येतं, नळ करकरतो, पाणी पडतं, घटाघटा पितं, नळ बंद, पळून जातं. मग काही नाही. पोरगं उभंच आहे हे आपल्याला माहीत आहे, कारण पावलं परत गेलेली नाहीत. पाच सेकंद. दहा सेकंद. घंटा. आता पावलं परत जातात. एक शब्द नाही, रडणं नाही, सनई-सारंगी नाही. न सुटलेला नळ ऐकू आला पाहिजे. ही ताकद रेडिओत आहे, आणि ती शांततेची आहे.

म्हणून आपल्याही लोकांना एक बोलतो, राग आला तर येऊ द्या. चौदा एप्रिलला आपण डीजेची भिंत उभी करतो. खिडक्या थरथरतात, म्हातारी माणसं छातीला हात लावतात. आवाज मोठा केला की ऐकू गेलं, असं आपल्याला वाटतं. मी रिंग खात्यातला माणूस आहे, माझ्याकडून ऐका : जिथं फक्त आवाज असतो तिथं कुणाचंच काही ऐकू येत नाही. ज्यानं पाक्षिकाचं नाव ‘मूकनायक’ ठेवलं त्याला मुक्यांना बोलतं करायचं होतं, बहिरं करायचं नव्हतं.

‘रेडिओ मेला’ म्हणणाऱ्यांनाही उत्तर आहे. २००६ च्या धोरणानं समाजसंस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र काढायची मुभा दिली. निम्मे कार्यक्रम तरी तिथल्याच लोकांच्या सहभागानं झाले पाहिजेत, अशी अटच आहे. साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ २००८ साली सुरू झालं, जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’ निघालं. मग आपण तिथं जाऊन म्हटलं का, आमची श्रुतिका घ्या? लिहिली आहे का आपण? आणि केंद्र नसलं तर खिशात मोबाईल आहे. बंद खोली, चार गोधड्या भिंतीला, एक कळशी, एक काठी, चार माणसं. वीस मिनिटांची श्रुतिका होते. वस्तीत, समाजमंदिरात, दिवा मालवून ऐकवा. मग बत्ती लावा आणि भांडा.

पण एक अट. हलगी वाजली तर हलगीवाल्याला बोलायला द्या. आणि तो बोलेल तसंच लिहा.

आजानं दवंडी दिली ती पाटलाच्या शब्दात. मी अजून रातपाळीलाच आहे, घसा त्याचाच आहे. शब्द मात्र आता माझे राहतील.

जयभीम.