स्फूर्ती आणि उसनवारी

'निसर्गापासून स्फूर्ती' हा शब्दप्रयोग अलीकडे फार स्वस्त झाला आहे. शाळेतील विज्ञानप्रदर्शन असो, कारखानदाराची जाहिरात असो की व्याख्यात्याचे भाषण असो, पालुपद एकच: निसर्ग हा सर्वश्रेष्ठ अभियंता, त्याने कोट्यवधी वर्षे खपून जे रूप सिद्ध केले, ते आपण उचलावे की झाले काम! आणि हे रूप उचलण्यासाठी बोट दाखविले जाते ते बहुधा समुद्राकडे. हे मत ऐकावयास गोड आहे. परंतु ते खोटे आहे, आणि आमच्या मुलांच्या बुद्धीस अपायकारकही आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम या मताच्या कैवाऱ्यांचाच आवडता दाखला घेऊ. २००५ साली मर्सिडीज-बेंझ कंपनीने बॉक्सफिश नावाच्या माशाच्या आकारावरून एक नमुन्याची मोटार तयार केली. या माशाचे अंग हाडांच्या चौकोनी पेटीत बंद असते. असे बोजड शरीर असूनही तो पाणी सहज कापतो, आणि त्याच्या पेटीच्या कडांमुळे पाण्याचे भोवरे त्याला आपोआप सरळ मार्गावर ठेवतात, असा तेव्हा समज होता. दहा वर्षांनी, २०१५ साली, संशोधकांनी हे पुन्हा तपासले. निष्कर्ष उलटा निघाला. इतर माशांच्या मानाने याला पाण्याचा अवरोध अधिकच होतो, आणि त्याच्या पेटीवरून वाहणारे पाणी त्याला स्थिर ठेवीत नसून उलट वळवू पाहते! आता यात माशाचे काय चुकले? तो प्रवाळांच्या कपारींत राहणारा; जागच्या जागी गर्रकन वळता येणे हीच त्याची गरज. मोटारीस सरळ धावावयाचे असते. मासा आपल्या संसाराचे कोडे सोडवीत होता, आमच्या मोटारीचे नव्हे. मोटारीला हवेचा अवरोध कमी होत असे हे खरे. पण त्याचे श्रेय कंपनीच्या अभियंत्यांचे, माशाचे नव्हे.

दुसरा दाखला शार्कच्या कातडीचा. या कातडीवर दातांसारखे सूक्ष्म खवले असतात. त्यांचे अनुकरण म्हणून मिरवलेले पोशाख घालून २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोहणारे उतरले. २०१२ साली हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज लॉडर व त्यांचे सहकारी यांनी खऱ्या शार्कची कातडी लवचीक पट्टीस लावून ती पाण्यात हलवून पाहिली, आणि मग खवले घासून काढून पुन्हा पाहिली. खवले असताना पट्टी सुमारे १२ टक्के वेगाने जात होती. परंतु ताठ पट्टीवर तीच कातडी बसविली, तेव्हा हा लाभ नाहीसा झाला. म्हणजे खवल्यांचा गुण नुसत्या खवल्यांत नव्हे, तर वाकणाऱ्या, वळवळणाऱ्या अंगावरील खवल्यांत आहे. पोशाखाच्या कापडाला मात्र असा गुण आढळला नाही. रूप उचलले, ते रूप ज्या हालचालीसाठी होते, ती हालचाल तेवढी समुद्रातच राहिली.

कोणी म्हणेल, "मग जलचरांपासून काही घ्यावयाचेच नाही काय?" अवश्य घ्यावयाचे; पण कसे घ्यावयाचे, ते मार्क ब्रुनेलपासून शिकावे. टेरेडो नावाचा एक प्राणी आहे. दिसतो किड्यासारखा, पण जातीने शिंपल्या-कालवांचा भाऊबंद. लाकडी जहाजांचा हा जुना वैरी असून आमच्या कोकणच्या खाड्यांतील होड्यांनाही तो अपरिचित नाही. डोक्यावरील दोन शिंपांनी तो लाकूड कोरीत पुढे सरकतो, आणि मागे झालेल्या बिळाला चुन्याचे अस्तर लावीत जातो. यावरून ब्रुनेलला युक्ती सुचली, ही कथा प्रसिद्ध आहे. १८१८ साली त्याने बोगदा खणण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे १८२५ साली थेम्स नदीखालील बोगद्यास हात घातला. त्याच्या लोखंडी ढालीत छत्तीस कप्पे होते. एकेका कप्प्यात एकेक मजूर पुढची माती थोडी थोडी काढी, आणि मागे गवंडी लगोलग विटांचे बांधकाम करीत. पाणी शिरले, माणसे दगावली, काम वर्षानुवर्षे बंद पडले. तरी १८४३ साली बोगदा खुला झाला, आणि आज त्यातून आगगाड्या धावतात. आता वाचकांनी एवढेच पाहावे की, ही चौकोनी ढाल आणि तो मऊ, लांबट प्राणी यांत रूपाचे साम्य यत्किंचितही नाही! साम्य आहे ते रीतीचे: पुढे खणावे, मागे सावरावे. ब्रुनेलने टेरेडोचा आकार घेतला नाही, त्याची वागणूक घेतली. आणि ती घेण्यापूर्वी ती समजून घेतली.

१८८२ साली मेचनिकॉफने सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभांत बारीक काटे खुपसले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो काट्याभोवती पेशींचा घेर पडलेला. आपले शरीर रोगजंतूंशी कसे झुंजते या विचाराला येथून नवी दिशा मिळाली, आणि १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक लाभले. जपानी शास्त्रज्ञ ओसामू शिमोमुरा यांनी जेलीफिशच्या प्रकाशाचे रहस्य शोधण्यासाठी अनेक उन्हाळे अमेरिकेच्या किनाऱ्यावर घालविले. बायकामुलांसह जाळी घेऊन सुमारे साडेआठ लाख जेलीफिश गोळा केले. त्यांतून हाती आलेल्या हिरव्या प्रकाशमान प्रथिनाने आज जिवंत पेशींतील व्यवहार डोळ्यांना दिसू लागले आहेत. २००८ सालच्या नोबेलचे ते एक मानकरी. यांतील कोणी तारामाशासारखी इमारत किंवा जेलीफिशसारखा दिवा केला काय?

"पण कलेचे काय? तेथे तर रूप हेच सर्वस्व!" हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. एर्न्स्ट हेकेलची जलचरांची चित्रे १८९९ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झाली, आणि रेने बिने याने हेकेलच्या सूक्ष्म सागरी जीवांच्या आकृतींवरून पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनाचे महाद्वार रचले. ते सुंदर होते. परंतु हेकेलने त्यापूर्वी 'चॅलेंजर' जहाजाने आणलेल्या त्या जीवांवर जवळजवळ दहा वर्षे डोळे झिजविले होते आणि १८८७ साली हजारो नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले होते. ज्यांना त्याची चित्रे उचलावयाची त्यांनी खुशाल उचलावीत. पण हेकेलची नजर त्यांबरोबर येत नाही, हे विसरू नये.

आणि आमचे काय? सातशे किलोमीटरांहून लांब समुद्रकिनारा लाभलेल्या महाराष्ट्राच्या साहित्यात मासा बहुधा दोनच ठिकाणी आढळतो: नायिकेच्या डोळ्यांत, नाहीतर जेवणाच्या ताटात. मत्स्यावतारात सारे शास्त्र आहे असे सांगणारे विद्वान माशाचे कल्ले उघडून पाहण्याची तसदी घेत नाहीत. मुंबईच्या सागरी रस्त्यासाठी २०२० साली वरळी व हाजी अली येथील प्रवाळ उचलून दुसरीकडे बसवावे लागले. मुंबईच्या किनाऱ्याला प्रवाळ आहेत, ही गोष्ट किती सुशिक्षित घरांना त्यापूर्वी ठाऊक होती? जे पाहिलेच नाही, त्याची स्फूर्ती कोठून येणार? आणि ते नाहीसे झाले, तर त्याचा शोक तरी कोण करणार?

तेव्हा पालकांस आमचे सांगणे साधे आहे. प्रदर्शनासाठी मुलाकडून पुठ्ठ्याचा शार्क करवून घेऊ नका. ओहोटीची वेळ पाहून त्याला खडकांवर न्या, एखाद्या डबक्यातील एकच शंख दाखवा आणि तो काय करतो ते तासभर पाहू द्या. घरी आल्यावर "काय सुंदर होते?" असे विचारू नका, "तो कशासाठी हलला?" असे विचारा. उत्तर आले नाही, तर दुसऱ्या ओहोटीस पुन्हा न्या.