परदेशांतील शाळा आणि नादारीचा अर्ज

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र जिनीव्हाहून आलें. हे गृहस्थ तेथें एका खासगी कंपनींत अकरा वर्षें नोकरीस आहेत. मुलांच्या शाळेची फी आजवर कंपनी भरीत असे. यंदा नवा करार झाला आणि त्यांतून तें कलम गळलें. थोरली कन्या शाळेच्या शेवटच्या वर्षांत जावयाची, धाकटा सातवींत. तेथील आंतरराष्ट्रीय शाळेंत वरच्या वर्गांची वार्षिक फी तीस हजार स्विस फ्रँकांच्या वर जाते. म्हणजे एका मुलामागें तीस लाख रुपयांहून अधिक झाले. इकडे थोरले बंधु कोंकणांतील आंब्याची बाग विकून पैसे पाठविण्यास निघाले आहेत. काय करावें, असा प्रश्न होता. आणि पत्राच्या अगदीं शेवटीं एक ओळ होती : ‘शाळेकडे सवलत मागण्याची लाज वाटते, गुरुजी.’

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें व नातवंडें आज परदेशीं आहेत. म्हणून या पत्राचें उत्तर येथें सर्वांच्या समक्ष देत आहों.

प्रथम या शाळा मुळांत कोणाकरितां निघाल्या तें पाहूं. जिनीव्हाची पहिली आंतरराष्ट्रीय शाळा १९२४ सालीं निघाली ती राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या कचेऱ्यांत नोकरीस आलेल्या परदेशस्थांच्या मुलांकरितां. बाप आज या देशांत, उद्यां त्या देशांत. मुलाचें शिक्षण मध्येंच तुटूं नये हा हेतु. त्याच गरजेंतून १९६८ सालीं त्याच शहरीं इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था स्थापन झाली व तिची परीक्षा पुष्कळ देशांत मान्य झाली. अशा शाळांची फी बहुधा नोकरी देणाराच भरील, असें धरून पुष्कळ कुटुंबांचा हिशेब चालत आला. संयुक्त राष्ट्रांचे जे नोकर स्वदेशाबाहेर काम करितात त्यांस मुलांच्या फीकरितां अनुदान मिळतें. २०१८ पासून त्याचें प्रमाण उतरत्या पायरीनें ठरतें. फीच्या पहिल्या हिश्शावर शेंकडा ८६, मग कमी होत होत शेंकडा ६१, आणि ठराविक मर्यादेच्या वर कांहींच नाहीं. खासगी नोकरींत मात्र जें करारांत लिहिलें असेल तेंच खरें. म्हणून परदेशीं जाणाऱ्या प्रत्येक तरुणास आमचें सांगणें कीं, पगाराचा आंकडा वाचण्यापूर्वीं फीचें कलम वाचावें, आणि तें किती वर्षांपुरतें आहे हेंही लेखी विचारून घ्यावें.

आतां कलम गळल्यावर काय? कांहीं सरकारें आपल्या नागरिकांस हात देतात. फ्रान्सनें १९९० सालीं परदेशांतील आपल्या शाळांकरितां स्वतंत्र संस्था स्थापिली असून, परदेशीं राहणाऱ्या फ्रेंच कुटुंबांस उत्पन्न व मालमत्ता पाहून फीची अंशतः अथवा संपूर्ण शिष्यवृत्ति मिळते. अर्ज वकिलातीमार्फत जातो. ही सोय अर्थात् फ्रेंच नागरिकांपुरती. आखातांत आपल्या लोकांनीं चालविलेल्या, केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. त्यांची फी ब्रिटिश पद्धतीच्या शाळांहून सामान्यतः पुष्कळ कमी असते.

उरली शाळेची स्वतःची मदत. तिचे दोन प्रकार ध्यानांत ठेवावे. एक गुणांवर मिळणारी शिष्यवृत्ति. दुसरी गरज पाहून दिलेली फीची सूट, जिला आमच्या काळीं नादारी म्हणत. पुष्कळ पालक पहिलीचीच चौकशी करितात आणि मुलगा पहिल्या दहांत नाहीं म्हणून गप्प बसतात. दुसरीस मिळकतीचा व कराचा दाखला, घरभाडें, शिकणाऱ्या मुलांची संख्या एवढें खरेंखरें सांगावें लागतें. हा निधि मर्यादित असतो, म्हणून अर्जाची मुदत पुष्कळदां वर्ग सुरू होण्याच्या कित्येक महिने आधीं संपते. आणि मिळालेली सूट बहुधा दरवर्षीं नव्यानें मागावी लागते. नोकरीची स्थिति मध्येंच पालटली तर फी थकण्याची वाट न पाहतां मुख्याध्यापकांस तत्काळ भेटावें. थकलेल्या फीचा खुलासा करण्यापेक्षां आधीं केलेली विनंती केव्हांही बरी.

सोळा वर्षांच्या पुढील मुलांस आणखी एक वाट आहे. वेल्समध्यें १९६२ सालीं सुरू झालेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजांपैकीं एक १९९७ पासून आपल्या पुण्याजवळ पौडच्या बाजूस आहे. देशोदेशींच्या समित्या विद्यार्थी निवडतात आणि कुटुंबाची ऐपत पाहून मदत ठरते.

तेव्हां आमच्या विद्यार्थ्यास उत्तर असें : कन्येचें शेवटचें वर्ष मोडूं नका, तिच्यापुरता सवलतीचा अर्ज याच आठवड्यांत करा. धाकट्याकरितां तेथील सरकारी शाळेचा विचार करा. ती विनाशुल्क आहे. शिक्षण फ्रेंच भाषेंत आहे खरें, पण त्या वयाचें मूल नवी भाषा आपल्याहून लवकर उचलतें. आणि या दोन्ही वाटा पाहून होईपर्यंत बाग विकूं देऊं नका.

लाजेविषयीं मात्र घरचीच गोष्ट सांगतों. १९६९ सालीं आमची थोरली बहीण नववींत होती. वडिलांची मिळकत जेमतेम. उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज केला असता तर तिची फी माफ झाली असती. मास्तरांनीं फॉर्म घरीं आणून दिला होता. कचेरींत जाऊन आपलें उत्पन्न परक्यास सांगणें वडिलांस कमीपणाचें वाटलें. तो फॉर्म देवघरांतील पंचांगाखालीं दोन महिने तसाच राहिला, आणि दिवाळीनंतर ताई शाळेंत गेली नाहीं. वर्गांत गणितांत तिचा पहिला नंबर असे. वडिलांस पुढें याचें फार वाईट वाटे. पण तोपर्यंत तिचें लग्न झालें होतें. हें लिहूं का, असें ताईस विचारलें तेव्हां ती म्हणाली, ‘लिही. कोणाचा तरी फॉर्म वेळेवर जाईल.’

रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत कौत्साची कथा आहे. गुरुदक्षिणेसाठीं चौदा कोटि मागावयास तो रघूच्या दारीं गेला. राजानें सर्वस्व दान केलेलें, हातीं मातीचें पात्र. तरी कुबेराकडून धन आलें. राजा सारेंच देऊं लागला, पण कौत्सानें गुरूस देण्यापुरतें घेतलें, अधिक घेतलें नाहीं. विद्येच्या ऋणाकरितां मागणें हें दैन्य नव्हे. गरजेहून अधिक घेणें व खोटा दाखला जोडणें हेंच लाजिरवाणें. आणि पुढें हात चालूं लागले म्हणजे त्याच निधींत कांहीं टाकावें, म्हणजे दुसऱ्याच्या मुलीस वर्ग सोडावा लागणार नाहीं.

परवांच पुन्हां पत्र आलें आहे. अर्ज गेला, निर्णय यावयाचा आहे. बाग अद्याप घरचीच आहे.