मूठ आवळायला शिकवता, तक्रार करायला का नाही?

८ मार्च जवळ आला की बुटीबोरीत स्वसंरक्षणाची शिबिरे लागतात. दोन तास कराटे, मग प्रमाणपत्र, फोटो आणि भाषण : "मुलींनो, स्वतःचे रक्षण स्वतः करा." आम्ही विचारतो, कोणापासून?

शिबिरातला हल्लेखोर नेहमी अंधारातून येणारा अनोळखी माणूस असतो. एनसीआरबीचे आकडे मात्र सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक आरोपी बाईच्या ओळखीचे असतात. एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या बाईला सुपरवायझरच त्रास देत असेल तर? तिची हजेरी त्याच्याच हातात. आज त्याला लाथ मारली, तर उद्या चूल कशी पेटणार? आणि घरी मारणाऱ्या नवऱ्यावर कोणता डाव टाकायचा?

जातीचा हल्ला तर एकटा येत नाही, जमाव घेऊन येतो. खैरलांजीची सुरेखा भोतमांगे भित्री नव्हती. ती जमिनीसाठी भांडली, साक्षीला उभी राहिली. २९ सप्टेंबर २००६ ला तिच्या घरावर गाव चालून आले. तिथे कराटेचा कोणता पट्टा पुरला असता?

नागपूरच्या कस्तुरबानगरातल्या बायांनाही हिंमत शिकवायची गरज नव्हती. वर्षानुवर्षे गुंडाची दहशत सोसूनही संरक्षण मिळाले नाही, तेव्हा १३ ऑगस्ट २००४ ला अक्कू यादव कोर्टातच जमावाच्या हातून मारला गेला. काहींना तो विजय वाटतो. संविधान मानणारे आम्ही त्याला पोलीस आणि व्यवस्थेचा पराभव म्हणतो.

चळवळीतल्या भावांनाही एक सांगतो. "आपल्या बहिणींची इज्जत" वाचवायला शिबिरे घेऊ नका. बाई ही समाजाची इज्जत नाही, ती माणूस आहे. २० जुलै १९४२ ला नागपुरातल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, गुलाम होण्यास नकार द्यावा, असेही सांगितले. स्वसंरक्षणाचा पहिला धडा हाच, आणि तो घरातून सुरू होतो.

म्हणून शिबिरे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ती पूर्ण करा. डावांसोबत कायदा शिकवा. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वतःच्या बचावाचा हक्क देतात. २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक कामगार असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची आहे, ठेक्यावरची बाईही तिथे तक्रार करू शकते. तक्रारीची मुदत ३ महिने. मालकच त्रास देत असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. जातीवरून अत्याचार झाला तर ॲट्रॉसिटी कायदा आहे.

पुढच्या ८ मार्चला कंपनीचे बॅनर लागले की तरुणांनो, आयोजकांना एवढेच विचारा : तुमच्या कारखान्यात समितीचा फलक कुठे लावलाय? रात्रीच्या पाळीनंतर बाया घरी कशा जातात? उत्तर मिळाले तर फोटोत उभे राहा. नाही मिळाले तर सगळ्या बाया मिळून लेखी अर्ज द्या. एकटीच्या मुठीपेक्षा शंभर सह्यांना मालक जास्त घाबरतो.

जय भीम! जय संविधान!