लोणारच्या जीवाणूंचा जमाखर्च

भेस्तान परिसरात माग आणि खानदेशी कामगार दोन्ही विपुल. येथे कृत्रिम धागाच जास्त. पण सुती ताणा मागावर तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ देतात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. रंगाईपूर्वी ती काढावी लागते. आम्लाने काढावी तर धागा कमजोर होतो. अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, फक्त स्टार्च तोडते.

मात्र साधे अमायलेज धुलाईच्या पावडरीच्या अल्कधर्मी पाण्यात मंदावते. अल्कप्रिय जीवाणूंचे टिकते. जपानच्या कोकी होरिकोशींनी असे विकर १९७१ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडे हे जीवाणू बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात आहेत.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यात नाक का खुपसावे? कारण प्रश्न जमाखर्चाचा आहे. केनियातील सोडा सरोवरातल्या जीवाणूंच्या विकरांवर परदेशी कंपनीने धंदा केला, आणि २००४ साली तेथील वन्यजीव खात्याला मागाहून वाटा मागत फिरावे लागले! आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यात स्थानिकांना लाभाचा वाटा देण्याची तरतूद आहे. माझे म्हणणे एवढेच, की हा वाटा पाण्याचा नमुना बाटलीत भरण्यापूर्वी लेखी ठरावा. माल बाजारात गेल्यावर लोणारकरांच्या हाती कसली पावती उरणार?